सोसायटीच्या कार्यालयातले कपाट: व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. पाण्याच्या टाक्या धुणार असल्याची सूचना कोणीतरी दाराखालून आत सरकवली होती. उद्या सकाळी १० ते दुपारी ४ पाणी येणार नाही, सभासदांनी भरून ठेवावे, खाली सचिवांची सही आणि सोसायटीचा शिक्का. फ्रिजवर लावायला म्हणून मी कागद उलटला आणि हात तिथेच थांबला. मागच्या बाजूला आधार कार्डाची झेरॉक्स होती. बी विंगमध्ये काही वर्षांपूर्वी भाड्याने राहून गेलेल्या एका मुलीची. फोटो, जन्मतारीख, गावाकडचा पत्ता, बाराच्या बारा आकडे, सगळे स्वच्छ वाचता येत होते.

कागद वाया जाऊ नये म्हणून आमच्या कार्यालयात एका बाजूने कोरे कागद छपाईसाठी वेगळे ठेवतात. चांगली सवय आहे. त्या गठ्ठ्यात जुन्या भाडेकरूंच्या फायली जाऊन पडल्या होत्या, एवढेच. आमच्याकडे ८४ घरे आहेत. त्या संध्याकाळी मी आणि वॉचमन दादा तिन्ही विंग फिरलो, दारोदार बेल वाजवून कागद परत मागितले. ४१ मिळाले. उरलेले कचऱ्यात गेले होते, कोणी त्यावर वाण्याची यादी लिहून दुकानात नेला होता, एका घरात लहान मुलाने त्याचे विमान केले होते. मिळालेल्या कागदांत पॅन कार्डे होती, कंपन्यांची ओळखपत्रे होती, एकाची पगाराची पावती होती.

हे सांगताना मला सचिवांकडे बोट दाखवायचे नाही. त्यातल्या बऱ्याच फायली माझ्याच हाताने लावलेल्या होत्या. त्यांच्या आधी तीन वर्षे मी त्या खुर्चीवर होते.

मी वीसहून अधिक वर्षे एका बँकेच्या संगणक विभागात काम केले. तिथे ग्राहकाचा अर्ज टेबलावर उघडा टाकून चहाला जाता येत नसे. कोणी कोणाचे खाते उघडून पाहिले याची नोंद राहत असे, आणि कारण विचारले जात असे. मुदत संपलेले कागद यंत्रात कापले जात. आणि तीच मी रविवारी सकाळी सोसायटीच्या कार्यालयात बसून नव्या भाडेकरूला सांगत असे, ‘आधार, पॅन, फोटो, ऑफिसचे आयकार्ड, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स द्या.’ दोन कशाला, हे मला आजही सांगता येणार नाही. माझ्या आधीचे सचिव दोन घेत, म्हणून मीही दोन घेतल्या. त्यांपैकी एकही प्रत मी कधी, कोणत्याही कामासाठी, उघडून पाहिली नाही.

म्हणून तुम्हा सर्वांपुढे माझे एकच म्हणणे आहे: जी माहिती आपल्याला सांभाळता येत नाही, ती मागणेच बंद करा. कपाटाला नवे कुलूप लावल्याने हा प्रश्न सुटणार नाही. त्या कपाटातले निम्मे कागद तिथे यायलाच नको होते.

जरा आठवून पाहा, आपल्याजवळ काय काय असते. ‘आय’ नोंदवही (सभासदांची नोंद), ‘जे’ नोंदवही (सभासदांची यादी), नामनिर्देशनाचे अर्ज, म्हणजे कोणाच्या पश्चात घर कोणाला जायचे ते. प्रत्येक घरातल्या माणसांचे मोबाईल नंबर. गाड्यांचे नंबर. कोण परदेशी असतो, कोण एकटे राहते. भाडेकरूंची कागदपत्रे. घरकामाच्या मावशींची, ड्रायव्हरची, दूधवाल्याची ओळखपत्रे. गेटवरची वही किंवा अ‍ॅप. जिन्यात, लिफ्टपाशी, पार्किंगमध्ये लावलेले कॅमेरे. आणि हे सगळे कोणाच्या हाती? सुरक्षा एजन्सी वर्षा-दोन वर्षांनी बदलते. मॅनेजर अर्धवेळ असतो, तो आणखी तीन सोसायट्या सांभाळतो. माझ्या माहितीतल्या एका सोसायटीचा ईमेल अजूनही एका माजी खजिनदारांच्या मोबाईलवर उघडा आहे आणि ते आता पुण्याला राहायला गेलेत. त्यांच्या मनात काही वाईट नाही. पण त्यांचा फोन रिक्षात विसरला तर?

झेरॉक्सने काय बिघडते, असे मला समितीच्या सभेत विचारले गेले होते. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर सिमकार्डे निघतात, बँकेत खाती उघडली जातात आणि फसवणुकीचा पैसा त्या खात्यांतून फिरवला जातो. पोलिसांत त्यांना म्यूल खाती म्हणतात. ज्याच्या नावावर खाते असते, त्याच्या दारात पहिल्यांदा पोलीस येतात. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे पाहायची सोय केंद्राच्या दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ पोर्टलवर केली आहे. ती करावी लागली, यातच काय ते आले. ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी पत्र वाचून झाल्यावर पाहावे.

आधारबद्दल गोंधळ खूप आहे, आणि त्यात सरकारचाही वाटा आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली की कोणालाही आधारची झेरॉक्स देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, द्यायचीच तर झाकलेल्या आकड्यांची द्या. दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. लोकांच्या लक्षात राहिले ते एवढेच, की काळजी करण्यासारखे काही नव्हते. पण सूचनेतली मूळ गोष्ट आजही तशीच लागू आहे. ‘मास्क्ड आधार’ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. त्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कार्डावरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या अ‍ॅपने स्कॅन केला की समोरचे कार्ड खरे की खोटे ते तिथल्या तिथे कळते. म्हणजे माणूस तोच आहे ना, हे पाहायला प्रत ठेवावीच लागत नाही. आणि झेरॉक्स ठेवून तरी आपण काय तपासत होतो? खोट्या कार्डाचीही झेरॉक्स उत्तमच निघते.

पोलिसांचे काय, हा पुढचा प्रश्न असतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती ऑनलाइन देता येते. आपल्याला त्याची पोच पाहायची असते आणि भाडेकरार नोंदवलेला आहे हे पाहायचे असते. करार नोंदवणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचेच आहे. पोच पाहिली, कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक वहीत लिहिला, की आपले काम झाले. उपविधीप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या नियमावलीप्रमाणे, कराराची प्रत ठेवायचीच असेल, तर आधार-पॅनचे आकडे काळ्या पेनाने खोडून ठेवा आणि माणूस घर सोडून गेला की प्रत फाडा. आम्ही मात्र जाणाऱ्याकडून ना हरकतीचे पैसे घेतले, सामान नेण्यासाठी लिफ्टचे पैसे घेतले आणि त्याचे कागद तसेच ठेवून घेतले.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या सरांबद्दल लिहिते. त्यांना विचारूनच लिहिते आहे. निवृत्त शिक्षक, वय ७६, पत्नी जाऊन दोन वर्षे झाली, मुलगा परदेशी. गेल्या वर्षी एका दुपारी त्यांना व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी कपड्यातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. तुमच्या नावाने पार्सल सापडले आहे, त्यात अमली पदार्थ आहेत, तुम्ही ‘डिजिटल अटकेत’ आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, कोणाला सांगायचे नाही. सर पाच तास हलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून, दार लावून, फोनसमोर बसून होते. संध्याकाळी त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडले, सरांचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता थेट माझ्याकडे आल्या. बँकेत मुदत ठेव मोडायचा अर्ज सरांनी भरून ठेवला होता. पैसे गेले नाहीत, ते मावशींमुळे.

डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितले, नंतर सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांची स्वतःहून दखल घेतली. सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशात सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचा आकडा केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिला आहे. सरांनाही हे माहीत होते, ते रोज दोन वर्तमानपत्रे वाचतात. मग विश्वास कसा बसला? मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘त्याला माझा फ्लॅट नंबर ठाऊक होता. गाडीचा नंबर ठाऊक होता. मुलगा कुठे असतो ते ठाऊक होते. एवढे पोलिसांशिवाय कोणाला माहीत असणार?’

ही माहिती नेमकी कुठून गेली, ते सिद्ध करता येणार नाही. पण त्याच्या काही महिने आधी आमच्या पार्किंगची यादी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली गेली होती. नाव, फ्लॅट, गाडीचा नंबर, दोन मोबाईल नंबर आणि ‘शेरा’ नावाच्या रकान्यात ‘मुलगा परदेशात, गाडी क्वचित निघते’. ग्रुपमध्ये २१२ माणसे. त्यांत घर विकून गेलेले होते, दोन इस्टेट एजंट होते, इंटरनेटची जोडणी देणारा मुलगा होता. त्यांच्यापैकी कोणी वाईट आहे असे मी म्हणणार नाही. एखाद्याच्या फोनमध्ये ‘आरटीओ चलन’ नावाची एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाईल, उतरली असली तरी पुरते. अशी फाईल उघडली की फोनमधले संदेश आणि नंबर बाहेर जातात, वर ती त्याच माणसाच्या नावाने त्याच्या सगळ्या ग्रुपवर स्वतःला पाठवते. शेजाऱ्याच्या नावाने आली म्हणून दुसरा उघडतो.

त्या यादीची गरज फक्त वॉचमनला होती. गाडीचा नंबर आणि फ्लॅट नंबर, दोन रकाने, केबिनमध्ये एक कागद. बाकीचे रकाने कोणी भरायला सांगितले?

कॅमेऱ्यांविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण कॅमेरा लावला की आपण सुरक्षित झालो, असे सगळ्यांना मनापासून वाटते. मलाही वाटत होते. आमचे ३२ कॅमेरे माझ्याच कारकिर्दीत लागले. लावणारा तंत्रज्ञ आला, दोन दिवसांत तारा ओढल्या, डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, केबिनमध्ये ठेवला, समितीतल्या पाच जणांच्या मोबाईलवर अ‍ॅप घालून दिले आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. तो पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता. बदलायचा असतो हे मला माहीत होते. बँकेत मी हेच काम करत होते. इथे मात्र ‘नंतर बघू’ म्हटले आणि ते नंतर तीन वर्षांत आले नाही.

कारखान्यातला पासवर्ड म्हणजे काय, हे २०१६ मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेतल्या तीन तरुणांनी मिराई नावाचा एक प्रोग्राम लिहिला. तो इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधत फिरायचा आणि साठेक नेहमीच्या नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहायचा. तेवढ्यावर लाखो उपकरणे त्याच्या ताब्यात गेली. पुढे त्याच प्रोग्रामच्या जोरावर ऑक्टोबर २०१६ मध्ये असा हल्ला झाला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अनेकांना उघडता येईनात. हल्ला करणारी यंत्रे होती कोणाच्यातरी दुकानातले, कोणाच्यातरी जिन्यातले कॅमेरे. ज्यांचे कॅमेरे होते त्यांना पत्ताही लागला नाही, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच होता.

हे दूरचे वाटत असेल तर फेब्रुवारी २०२५ मधले राजकोटचे प्रकरण आठवा. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातले तपासणीच्या खोलीतले चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. रुग्णालयाच्या कोणी ते बाहेर काढले नव्हते. कॅमेऱ्यांत दुरून शिरकाव झाला होता. तपास पुढे गेला तसे निघाले की देशभरातल्या अनेक ठिकाणचे कॅमेरे असेच उघडले गेले होते, आणि कारण तेच, ‘अ‍ॅडमिन१२३’ सारखे कधीच न बदललेले पासवर्ड. अटक झालेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचे तरुणही होते. त्या बायका तपासणीसाठी आल्या होत्या. खोलीत कॅमेरा आहे हे त्यांतल्या कितीजणींना माहीत असेल? एप्रिल २०२५ पासून सरकारने नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, ते योग्यच झाले. पण आपल्या जिन्यात लागलेले जुने कॅमेरे त्याने आपोआप सुरक्षित होत नाहीत.

आणि आता जे लिहिते त्याची मला आजही बोचणी आहे. बाहेरचा चोर शिरण्याआधीच आपण आतले लोक त्या कॅमेऱ्यांचा गैरवापर करतो. सी विंगमध्ये तीन नोकरदार मुली भाड्याने राहत होत्या. त्यांच्याकडे रात्री कोण येते, अशी एका सभासदाने तक्रार केली. समितीतल्या दोघांनी मागणी केली, सचिव म्हणून मी होकार दिला आणि लिफ्टपाशी असलेल्या कॅमेऱ्याचे दोन आठवड्यांचे चित्रण चार माणसांनी केबिनमध्ये बसून पाहिले. त्यातले काही फोटो मोबाईलवर काढले गेले. सभेत त्यावर चर्चा झाली. त्या मुलींना सभेला बोलावले नव्हते. येणारा मुलगा त्यांच्यातल्या एकीचा सख्खा भाऊ होता, रात्रपाळीहून परतताना डबा घेऊन जायचा. पण तो भाऊ नसता, कोणीही असता, तरी आम्हाला काय अधिकार होता? कॅमेरे चोरीसाठी लावले होते. पुढच्याच महिन्यात मुलींनी घर सोडले. जाताना त्यातल्या एकीने मला विचारले, ‘काकू, तुम्हीपण बघितलंत?’

मी बघितले होते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो खटला उभा करणारे के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती, आणि तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. घरातल्या कॅमेऱ्यांचा वाद अलीकडे थेट न्यायालयात गेला. राहत्या जागेत, बरोबर राहणाऱ्यांच्या संमतीवाचून लावलेले कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत, असा निकाल कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला नाही. जिना म्हणजे राहती खोली नव्हे, हे खरे. पण एखाद्याच्या दारावर रोखलेला कॅमेरा त्याच्या घरातच पाहत असतो. दार उघडले की आतला दिवाणखाना दिसतो की नाही, हे आजच मॉनिटरवर जाऊन पाहा. आमच्याकडे ३२ पैकी ५ कॅमेऱ्यांत दिसत होता.

आता मावशींकडे येते. गेटवरचे अ‍ॅप आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आले. पाहुणा आला की फोनवर विचारणा होते, ज्येष्ठांना बरे वाटते, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याच अ‍ॅपमध्ये घरकाम करणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो, फोन नंबर, ती कोणकोणत्या घरी काम करते आणि आज गेटमधून किती वाजता आत आली, किती वाजता गेली, हे दिसते. तिला तारे देता येतात. ती मात्र आपल्याला तारे देऊ शकत नाही आणि तिला स्वतःची नोंद पाहताही येत नाही. सरांकडे येणाऱ्या मावशींना मी विचारले, तुमची माहिती घेताना काय सांगितले होते? त्या म्हणाल्या, ‘फोटो काढला, बोट लावायला लावलं. नाही म्हटलं असतं तर गेटवरच अडवलं असतं.’ याला संमती म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा. कधीच काम सोडून गेलेल्या बायकांचे फोटोही आमच्या यादीत होते.

त्या बोट लावण्याविषयी दोन शब्द. वॉचमन आणि सफाई कामगारांच्या हजेरीसाठी बोटाच्या ठशाची यंत्रे बऱ्याच सोसायट्यांनी घेतली आहेत. आधारच्या ठशावर बँकेतून पैसे काढता येतात, गावोगावी लाखो लोकांना त्याचा आधार आहे. जमिनीच्या दस्तांवरून ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे करून, त्यांच्या जोरावर खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. हजेरीला वही पुरते, फार तर एक कार्ड. आणि आपल्याकडे काम करणाऱ्यांना आधारच्या अ‍ॅपवरून ठसे लॉक कसे करायचे, हे एका रविवारी बसून शिकवता आले तर तेही करा. आम्ही १४ जणांना करून दिले, दीड तास लागला.

कायदाही आता दाराशी आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यायची, काम संपले की ती पुसायची, फुटली तर संबंधित माणसाला आणि डेटा संरक्षण मंडळाला कळवायचे. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय घ्यायची नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. एखाद्या सोसायटीला तेवढा दंड कोणी करील असे मला वाटत नाही, आणि भीती दाखवून कोणी सुधारावे अशी माझी इच्छाही नाही. पण एक गोष्ट समित्यांनी नीट वाचावी: माहिती हाताळायचे काम अ‍ॅपच्या कंपनीला दिले, म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. ज्याच्यासाठी माहिती गोळा झाली, त्यालाच जबाब द्यावा लागतो. गेटवरची कागदी वही या कायद्यात येत नाही. तिच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की माहिती डिजिटल झाली.

सोसायटीचा कारभार सभासदांना खुला हवा, मग लपवालपवी कशाला, असा युक्तिवाद आमच्या सभेत झाला. सहकार कायद्याने सभासदाला इतिवृत्ते, ताळेबंद आणि संस्थेशी झालेल्या स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहायचा हक्क दिला आहे. स्वतःच्या. हिशेब सगळ्यांसाठी उघडे असलेच पाहिजेत, त्यात मी कुठलीही सूट मागत नाही. शेजाऱ्याची जन्मतारीख हा सोसायटीचा हिशेब नव्हे.

तुमच्यापैकी बहुतेक जण हे काम मानद करता, नोकरी सांभाळून, रात्री अकराला गळक्या पाइपसाठी फोन घेऊन. वर शिव्याही खाता. मला ते माहीत आहे, म्हणून मी तुमच्यावर नवे ओझे घालत नाही. कमी गोळा केले तर सांभाळायलाही कमी लागेल. आम्ही गेल्या सहा महिन्यांत जे केले ते सांगते. दोन रविवार बसून कपाट रिकामे केले; सोडून गेलेल्यांचे कागद ३,००० रुपयांच्या यंत्रात कापले, अकरा पोती निघाली. डीव्हीआरचा पासवर्ड बदलला, मॉनिटरवरची चिठ्ठी काढली, पाचपैकी चौघांच्या मोबाईलवरून अ‍ॅप काढले. कोणी काढायचे यावर वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. पाच कॅमेऱ्यांची तोंडे वळवली. अ‍ॅपमधली ताऱ्यांची सोय आणि जुन्या लोकांच्या नोंदी बंद करायला कंपनीला लेखी कळवले. तारे गेले, जुन्या नोंदींबद्दल उत्तर आलेले नाही, आम्ही पाठपुरावा करतो आहोत. जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद करून नवा केला, त्यात १०९ माणसे आहेत आणि सूचना फक्त समिती टाकते. केबिनमध्ये मोठ्या अक्षरात १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावला, कारण पैसे गेल्यावर पहिले काही तास हातात असतात आणि नेमका तेव्हा नंबर आठवत नाही.

तुमच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडायला ठरावाचा मसुदा देते आहे. आमच्या सभेत तो ३७ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला. हवे तसे शब्द बदलून घ्या.

‘असे ठरविण्यात येते की, संस्था यापुढे सभासद, भाडेकरू, कर्मचारी वा घरकामगार यांच्या आधार कार्डाची प्रत ठेवणार नाही, मूळ कागद पाहून परत देण्यात येईल व पाहिल्याची नोंद करण्यात येईल. व्यक्तीने संकुल सोडल्यापासून तीस दिवसांत तिची सर्व कागदपत्रे व डिजिटल नोंदी नष्ट करण्यात येतील. कॅमेऱ्याचे चित्रण केवळ चोरी, अपघात वा पोलिसांच्या लेखी मागणीसाठी, किमान दोन समिती सदस्यांच्या सहीने, नोंद करून पाहिले जाईल. त्याची मोबाईलवर प्रत काढली जाणार नाही. ज्या व्यक्तीविषयी ते पाहिले, तिला सात दिवसांत कळविण्यात येईल.’

शेवटच्या वाक्यावर सर्वांत जास्त वाद झाला. ते आम्ही काढले नाही.

त्या ४१ कागदांवर ज्यांची नावे होती, त्यांतल्या १८ जणांचे फोन नंबर आम्हाला सापडले. प्रत्येकाला फोन करून काय झाले ते सांगितले आणि माफी मागितली. टाकीच्या सूचनेमागे जिचे आधार कार्ड होते, ती मुलगी आता नाशिकला असते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की ती आमच्या सोसायटीआधी आणखी चार सोसायट्यांत राहिली आहे. तिथल्या फायली कुठे असतील, हे तिला कोण सांगणार? त्या चार सोसायट्यांची नावे तिने मला दिली. त्यांच्या सचिवांना मी हेच पत्र रजिस्टर्ड टपालाने पाठवले आहे.

कळावे,
आपली,
एका गृहनिर्माण संस्थेची माजी सचिव, ठाणे